पिंजऱ्यातली दांडी

पिंजरा विकत घेताना माणसं सगळं बघतात. तारा गंजलेल्या नाहीत ना, दाराची कडी घट्ट बसते का, खालचा ट्रे नीट बाहेर सरकतो का, वाट्या किती मिळणार. दांडीकडे मात्र कोणी बघत नाही. ती पिंजऱ्याबरोबर फुकट येते. दोन्ही टोकांना खाच असते, ती तारांत अडकवली की झालं. बहुतेक वेळा ती प्लास्टिकची असते, कधी यंत्रावर तासलेल्या लाकडाची. या टोकापासून त्या टोकापर्यंत जाडी एकच, गोलाई एकच, गुळगुळीतपणाही एकच. दुकानदार आरशाचं आणि घंटीचं कौतुक करतो, हिच्याबद्दल चकार शब्द काढत नाही. आणि तरीही त्या पिंजऱ्यात जो पोपट येणार असतो, त्याचं आयुष्य इतर कुठल्याही वस्तूपेक्षा जास्त हिच्याशीच बांधलेलं असतं.

आपण दमलो की बसतो, रात्री आडवे होतो, म्हणजे पायांना रोज सुट्टी मिळते. पोपटाच्या पायांना ती मिळत नाही. तो उभ्यानं खातो, उभ्यानं पिसं साफ करतो आणि रात्रीचे दहा-बारा तास झोपतो तेही उभ्यानं, पुष्कळदा एकच पाय टेकून. पिंजऱ्यात उडायला जागा नसल्यामुळे दिवसाचा उरलेला वेळही बहुतेक दांडीवरच जातो. कॉकाटीलसारख्या छोट्या पोपटाचं वजन साधारण शंभर ग्रॅम, आफ्रिकन ग्रेसारख्या मोठ्याचं चारशे-पाचशे. आकडा ऐकून वाटतं, एवढ्याशा ओझ्याचं काय ते! पण ते ओझं ज्या तळव्यावर पडतं तोही आपल्या नखाएवढाच असतो आणि ते चोवीस तास पडत राहतं.

पेरूच्या बागेत उतरलेला रानपोपटांचा थवा कधी निरखून पाहा. मनगटाएवढ्या फांदीवर उतरलेला पक्षी दुसऱ्या क्षणी पेन्सिलीएवढ्या डहाळीवर असतो, तिसऱ्या क्षणी एका पायानं उलटा लोंबकळत पेरू कुरतडतो आणि चौथ्या क्षणी उडालेला असतो. पोपटाची दोन बोटं पुढे आणि दोन मागे, त्यामुळे त्याची पकड चिमट्यासारखी घट्ट बसते. फांदी जाड असेल तर बोटं पसरतात आणि भार बोटांच्या गाद्यांवर जातो, बारीक असेल तर मुठी मिटतात आणि भार तळव्याच्या मध्यावर येतो. साल कुठे खरखरीत असते, कुठे गाठ असते, कुठे उतार असतो. प्रत्येक हालचालीबरोबर तळव्याचा दुसराच भाग दाबला जातो आणि आधी दाबला गेलेला मोकळा होतो, तिथं रक्त पुन्हा खेळतं. झाडावर पायाची काळजी अशी आपोआप घेतली जाते.

दांडीपाशी हे काही नाही. सकाळी ती जशी असते तशीच रात्री असते. पोपट कुठेही सरकला तरी बोटं तितकीच मिटतात आणि भार त्याच दोन-चार ठिकाणी येतो. त्या ठिकाणचं रक्त दाबलेलंच राहतं. पक्ष्यांच्या पायात मुळात मांस कमी. कातडी, कंडरा आणि हाड एकमेकांना लागून असतात. तिथं रक्ताचा पुरवठा बेताचाच असतो, म्हणून तिथली इजा भरून यायलाही वेळ लागतो. दांडी रोज एवढंच करते आणि तिचं हे काम अनेक महिने कोणाच्या लक्षात येत नाही.

तळवा नीट पाहिला तर तो बोलतो. निरोगी पोपटाचा तळवा दिव्याखाली धरला की त्यावर बारीक बारीक उंचवटे दिसतात. पहिली खूण म्हणजे हे उंचवटे सपाट होऊ लागतात. कातडी ताणल्यासारखी दिसते, चकाकते, गुलाबी होते. दुखत असेल की नाही हे त्या वेळी पक्ष्यावरून कळत नाही, तो नेहमीसारखा शीळ घालत असतो. नंतर त्या चकाकत्या जागी कातडी पातळ होते किंवा उलट कुरूप झाल्यासारखी जाड होते आणि तडकते. तडकलेल्या जागेतून जंतू शिरतात. बहुतेक वेळा हा स्टॅफिलोकोकस असतो, म्हणजे आपल्या कातडीवरही राहणाराच. मग वर तपकिरी खपली धरते, पाय सुजतो. खपलीखाली जंतू खोल खोल जातात, कंडरांपर्यंत आणि शेवटी हाडापर्यंत. या दुखण्याला पक्ष्यांचे डॉक्टर बंबलफूट म्हणतात. कोंबड्या पाळणारे आणि शिकारी ससाणे पाळणारेही त्याला ओळखतात. ससाणे पाळणाऱ्यांनी तर बैठकीचा लाकडी ठोकळा केव्हाच कृत्रिम गवतानं मढवला, पायाखाली शेकडो टोकं आली म्हणजे भार एका जागी साचत नाही म्हणून.

आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहणाऱ्या काकूंकडे एक कॉकाटील आहे, करड्या अंगाचा, गालावर केशरी ठिपका. त्याला डॉक्टरांकडे न्यायचं ठरलं तेव्हा मी सोबत गेले.

"सारखा एक पाय वर घेऊन बसतो," काकू म्हणाल्या. "मला वाटायचं झोपला असेल. पण आता तो पाय खाली टेकवतच नाही."

डॉक्टरांनी पक्ष्याला हात लावण्याआधी विचारलं, "दांडी आणलीत का?"

काकू पिंजऱ्यासकट आल्या होत्या. डॉक्टरांनी दांडी काढली आणि टेबलावरच्या दिव्याखाली फिरवली. हिरव्या प्लास्टिकची, जेमतेम एक सेंटिमीटर जाड. मधोमध, जिथं तो नेहमी बसायचा, तिथला रंग उडून ती जागा तुळतुळीत झाली होती. त्याच्या दोन्ही बाजूंना वाळलेल्या विष्ठेचा पापुद्रा. त्यांनी कॉकाटीलला टॉवेलमध्ये अलगद गुंडाळलं, मान आणि पाय तेवढे बाहेर ठेवले, आणि उजवा तळवा उलटा केला. मधोमध मसुराएवढी काळपट खपली. मग डावा उलटा केला. तिथं जखम नव्हती, पण एकही उंचवटा शिल्लक नव्हता, नुसती लालसर चकाकी. "हा दुखतो म्हणून हा वर," ते उजवा पाय धरून म्हणाले, "आणि मग सगळं वजन याच्यावर. म्हणजे पुढची पाळी याची." एका पायाचं दुखणं दुसऱ्या पायावर असं जातं. एक पाय उचललेला पोपट झोपलेला दिसला तरी तो जागेपणीही तसाच उभा असेल, वारंवार पाय बदलत असेल, चढताना चोचीचा आधार जास्त घेत असेल, पूर्वी धरायचा ती दाण्याची शेंग पायात धरायचं टाळत असेल, तर तळवा बघायलाच हवा.

दांडीला नातेवाईक पुष्कळ आहेत आणि ते सगळे दुकानात टांगलेले असतात. त्यातला सर्वात फसवा म्हणजे पॉलिश पेपरचं आवरण. नखं आपोआप झिजतील असं सांगून ते दांडीवर चढवतात. दांडी योग्य जाडीची असेल तर पोपटाच्या नखांची टोकं तिला जेमतेम टेकतात. आवरणावर घासला जातो तो तळवा. नखं वाढतच राहतात आणि पायाची कातडी मात्र रोज खरवडली जाते. माझ्या मते ही वस्तू विक्रीलाच ठेवू नये. सिमेंटची खडबडीत दांडी त्यापेक्षा बरी, पण पिंजऱ्यात ती एकच असावी आणि खालच्या बाजूला, वाटीकडे जाताना पाय पडेल अशी. पोपट झोपायला नेहमी सर्वांत उंच जागा निवडतो, तिथं खरखरीत दांडी लावली तर रात्रभर तळवा तिच्यावरच राहतो. सुती दोराची दांडी मऊ असते, म्हाताऱ्या आणि पाय दुखणाऱ्या पक्ष्याला तिच्यावर आराम पडतो. तिचा धोका वेगळा आहे. पोपट धागे उसवतो, ते धागे बोटाभोवती आवळतात किंवा पोटात जाऊन अन्नपिशवीत गोळा होतात. उसवायला लागली की ती त्याच दिवशी काढायची. आणि कोपऱ्यात बसवायची सपाट फळी, ही फार थोड्या घरांत दिसते. मुठी न मिटता पाय पसरून उभं राहायला तेवढी एक जागा पक्ष्याला मिळाली तर त्याच्या तळव्याला दिवसातून काही वेळ तरी विसावा मिळतो.

या सगळ्यांपेक्षा झाडाची फांदी चांगली. पेरूची, कडुनिंबाची किंवा तुतीची. कीटकनाशक न फवारलेल्या झाडाची, रस्त्याकडेच्या धुरातली नव्हे. कण्हेर आणि रुईसारखी विषारी चिकाची झाडं टाळायची. फांदी ब्रशनं घासून धुवायची, कडक उन्हात पूर्ण वाळवायची आणि साल तशीच ठेवायची. एकच फांदी एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक असते, मध्ये वाकते, हेच तिचं मोल. जाडी कशी ठरवायची? पोपटाच्या बोटांनी फांदीचा दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश घेर कवेत घ्यावा, पुढची आणि मागची नखं एकमेकांना भिडू नयेत. साधारणपणे बजरीगरला एक ते दीड सेंटिमीटर, कॉकाटीलला दीड ते दोन, आफ्रिकन ग्रेला अडीच ते चार. तीन-चार फांद्या वेगवेगळ्या जाडीच्या आणि वेगवेगळ्या उंचीवर लावल्या की पोपट दिवसभर जागा बदलत राहतो. पाण्याच्या आणि दाण्याच्या वाटीवर थेट एकही फांदी नको, नाहीतर विष्ठा वाटीत पडते.

पावसाळ्यात आपल्याकडे, विशेषतः कोकणपट्टीत आणि मुंबईत, लाकूड वाळतच नाही. दमट फांदीवर बुरशी धरते, विष्ठा चिकटून राहते, आणि पातळ झालेल्या कातडीला याहून वाईट काही नाही. म्हणून फांद्यांचे दोन संच करावेत. एक पिंजऱ्यात असताना दुसरा गरम पाण्यानं धुऊन वाळत टाकावा. ऊन नसेल तर पंख्याखाली.

पण सगळा दोष दांडीच्या माथी मारणंही बरोबर नाही. तळव्याची कातडी दाब सोसते ती तिची घडण चांगली असेल तर, आणि ती घडण जेवणातून येते. सूर्यफुलाच्या बिया, बाजरी आणि राळे एवढ्यावरच वाढलेल्या पोपटाला अ जीवनसत्त्व फार कमी मिळतं. ते कमी पडलं की कातडी कोरडी, जाडसर आणि निकस होते, लवकर तडकते. बियांमध्ये चरबी भरपूर, त्यामुळे वजनही वाढतं, आणि वाढलेला प्रत्येक ग्रॅम पुन्हा त्याच तळव्यावर येतो. एकाच वाटीतून पायावर हे दोन घाव बसतात. गाजर, लाल भोपळा, रताळं, माठ, शेवग्याचा पाला, लाल मिरची यांतून शरीर अ जीवनसत्त्व तयार करून घेतं. मिरचीचं आश्चर्य वाटायला नको. तिचा तिखटपणा ज्या रसायनामुळे आपल्याला झोंबतो, ते पक्ष्यांना झोंबतच नाही. बियांची सवय लागलेला पोपट भाजी पहिल्या दिवशी बाजूला सारतो. तेव्हा उपाशी ठेवून सक्ती करायची नाही. लहान पक्षी उपासानं फार लवकर ढासळतो. बिया हळूहळू कमी करत, भाजी बारीक चिरून, किसून, फांदीला टोचून, वेगवेगळ्या तऱ्हांनी पुढे ठेवत राहायची. अ जीवनसत्त्वाचे थेंब मात्र मनानं देऊ नयेत, ते शरीरात साठतं आणि जास्त झालं तर तेही बाधतं. आणि वजन? स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा, त्यावर एक छोटी फांदी, सकाळी खाण्याआधी पक्ष्याला तिच्यावर बसवायचं, आकडा वहीत लिहायचा. आठवड्यातून एकदा पुरे. वाढ आणि घट दोन्ही डोळ्यांना दिसण्याच्या कितीतरी आधी काट्यावर दिसतात.

उपचाराबद्दल बोलताना मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती घरातल्या औषधांच्या डब्याची. माणसाच्या पायाला फोड आला की आपण दाबून पू काढतो, पण पक्ष्याचा पू वाहत नाही, तो घट्ट, दाणेदार गोळा होऊन बसतो. दाबून तो बाहेर येत नाही, उलट जंतू आत ढकलले जातात आणि पातळ कातडी फाटते. हळद-तेल, तूप, व्हॅसलीन असं काहीही तेलकट लावलं तर ते पिसांना लागतं, पिसांची ऊब जाते, आणि पक्षी चोचीनं चाटून ते पोटात घेतो. औषधाच्या दुकानात सहज मिळणाऱ्या, स्टेरॉइड मिसळलेल्या खाज-गजकर्णाच्या क्रीम तर मुळीच लावू नयेत. पक्ष्याच्या अंगात स्टेरॉइड सहज शिरतं आणि जंतूंशी लढायची त्याची ताकदच कमी करतं. दुखतंय म्हणून माणसाची वेदनाशामक गोळी चुरून देणं त्याहून धोक्याचं. जनावरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकानं, त्यांच्या मृतदेहांवर जगणाऱ्या भारतातल्या गिधाडांची मूत्रपिंडं निकामी करून त्यांचे थवेच्या थवे संपवले, म्हणून 2006 साली जनावरांच्या उपचारात त्यावर बंदी आली. त्याच्या जागी गिधाडांना सुरक्षित म्हणून पुढे आलेलं मेलोक्सिकॅम पक्ष्यांचे डॉक्टर आज पोपटालाही देतात, पण मात्रा काट्यावरच्या वजनावरून आणि पक्ष्याच्या जातीवरून ठरवतात.

सुरुवातीच्या टप्प्यात, म्हणजे उंचवटे सपाट होऊन चकाकी आलेली असताना, बहुतेक काम दांड्या बदलून, वजन आटोक्यात आणून आणि जेवण सुधारून होतं. जुन्या दांडीवर आपोआप चिकटणारी मऊ पट्टी, डॉक्टरांकडे मिळते ती वेटरॅप, गुंडाळता येते. ती ओली किंवा मळकी झाली की लगेच बदलायची. खपली धरली की मात्र घरचं काम संपलं, डॉक्टरांकडे जायचं. काकूंच्या कॉकाटीलची खपली डॉक्टरांनी ओढून काढली नाही. कोमट, खूप पातळ केलेल्या पोव्हिडोन आयोडीनमध्ये पाय धरून तिला मऊ होऊ दिलं, मग कडेनं सुटली तेवढीच उचलली. आतल्या स्रावाचा नमुना काढून प्रयोगशाळेत पाठवला, कुठला जंतू आहे आणि त्यावर कुठलं प्रतिजैविक चालतं हे कळावं म्हणून. दोन्ही पायांचा एक्स-रे काढला, कारण हाडापर्यंत गेलेलं दुखणं वरून दिसत नाही. नंतर त्यांनी जखमेभोवती मऊ पट्टीचं कडं केलं, मध्ये मोकळी जागा ठेवून. भार कड्यावर पडतो आणि जखम अधांतरी राहते. दुखणं खोल असेल तर बोटांच्या मुठीत कापसाचा गोळा देऊन अख्खा पाय बांधतात, किंवा भूल देऊन आतला गोळा काढतात. हे सगळं काही आठवडे चालतं, हाड धरलं असेल तर काही महिने, आणि तेव्हा पाय पूर्ववत होईलच असं कोणीही सांगू शकत नाही. मधेच बरं दिसलं म्हणून प्रतिजैविक थांबवू नये. पट्टी पक्षी चोचीनं सोडवतोच, ती तपासत राहावी, आणि तिच्या पुढची बोटं सुजलेली किंवा थंड लागली तर ती फार घट्ट बांधली आहे असं समजून डॉक्टरांना ताबडतोब फोन करावा.

दुखऱ्या पायाच्या पक्ष्याला पिंजऱ्यात चढायला-उतरायला लावू नये. त्या काळात वाट्या खाली घ्याव्यात, उंच फांद्या काढाव्यात, मऊ केलेली एक फांदी आणि एक सपाट फळी कमी उंचीवर ठेवावी. तळाला तारांची जाळी असेल तर ती काढून कागद किंवा टॉवेल अंथरावा. जाळीवर चालणाऱ्या पायाला दर पावलाला तार रुतते.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आपल्याकडचे रानपोपट, राघू, करण पोपट, त्यांच्यासाठी दांडी कितीही चांगली केली तरी त्यांना पिंजऱ्यात ठेवणं 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. बाजारात झाकलेल्या टोपलीतून विकली जाणारी ती पिल्लं घेऊ नयेत. कोणाकडे असा पक्षी पाय सुजलेला दिसला तर वनविभागाला किंवा पक्षी वाचवणाऱ्या संस्थेला कळवावं, त्याची काळजी तेच घेऊ शकतात. कॉकाटील, बजरीगर, लव्हबर्ड हे बाहेरच्या देशांतले, पिंजऱ्यातच पिढ्यान्‌पिढ्या वाढलेले. आफ्रिकन ग्रेसारख्या जातींची सरकारदरबारी नोंद करावी लागते. या पक्ष्यांना सोडून दिलं तर ते जगत नाहीत, म्हणून त्यांच्या पायाखाली काय ठेवायचं हे पूर्णपणे आपल्या हातात आहे.

काकूंच्या घरी आता पेरूच्या तीन फांद्या आहेत, त्यांच्या भाच्यानं गावच्या वाडीतून आणलेल्या. डावा तळवा सुधारतो आहे, बारीक उंचवटे पुन्हा दिसू लागलेत. उजव्याची पट्टी अजून आहे, तपासणीला जाणं चालू आहे. एक फांदी कॉकाटीलनं साल सोलून आणि चोचीनं कुरतडून मधोमध अर्धी केली आहे. काकूंना आधी ती नासाडी वाटली. पण सोलणं, कुरतडणं हे पोपटाचं कामच आहे, ते करताना तो पाय बदलतो, वाकतो, फांदीवरून पुढे सरकतो. भाचा पुढच्या वेळी येईल तेव्हा आणखी फांद्या आणायला त्यांनी सांगून ठेवलं आहे, जरा जाड बघून.